मुद्राराक्षस हा शब्द आणि त्यामागचा मुलगा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या पंधरवड्यात आपल्या दैनिकात फोंडा तालुक्यातील एका देवस्थानच्या पालखीची तारीख एक दिवस पुढची छापली गेली. आमच्या शेजारच्या घरी मुंबईहून आलेले कुळावी, म्हणजे त्या देवस्थानचे कुलभक्त, त्या बातमीवर विसंबून दुसऱ्या दिवशी देवळात गेले, तेव्हा मंडपाचे खांब उतरवण्याचे काम चालले होते. त्यानंतर आपण आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती दिली आणि तीत ‘मुद्राराक्षसाच्या प्रतापामुळे’ तारीख चुकल्याचे म्हटले. पुढे चार दिवसांनी वाचकांच्या पत्रव्यवहारात एका सद्गृहस्थांनी या शब्दाचा उगम सांगताना लिहिले, की विशाखदत्ताच्या संस्कृत नाटकात अक्षरांची उलटापालट करणारा एक राक्षस आहे आणि त्याच्यावरूनच छापील चुकांना हे नाव पडले. मी अठ्ठावीस वर्षे गोव्यातील छापखान्यांत मुद्रितशोधक (प्रूफरीडर) म्हणून काम केले असल्यामुळे, आणि हा शब्द मी रोज ऐकला व पुष्कळदा स्वतः वापरलाही असल्यामुळे, त्याच्या उगमाविषयी आणि वापराविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

प्रथम नाटकाविषयी. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकातील राक्षस हा दैत्य नाही. ते नंदांच्या अमात्याचे नाव आहे, आणि तो अमात्य स्वामिनिष्ठेचा आदर्श म्हणूनच रंगवलेला आहे. नाटकाच्या नावातील मुद्रा म्हणजे त्याच्या नावाची अंगठी. आपले कुटुंब त्याने चंदनदास या मित्राच्या घरी ठेवलेले असते. तेथे दाराबाहेर धावत आलेल्या लहान मुलाला आत ओढून घेताना राक्षसाच्या पत्नीच्या बोटातून ती अंगठी निसटते आणि चाणक्याच्या हेराच्या हाती लागते. पुढे चाणक्य राक्षसाच्याच मित्राकडून, त्याला कल्पना नसताना, एक पत्र लिहवून घेतो, त्यावर त्या अंगठीची मुद्रा उठवतो, आणि त्या बनावट पत्राच्या बळावर राक्षसाला त्याच्या सहकाऱ्यांपासून तोडतो. अक्षरांची उलटापालट या नाटकात कोठेही नाही. त्यात आहे ती एका माणसाच्या नावावर खपवलेली, त्याने कधीही न लिहिलेली वाक्ये. एवढा धागा मात्र छापील चुकीशी खरोखर जुळतो, कारण लेखकाच्या नावाखाली त्याने न लिहिलेला शब्द छापून येतो, तेव्हा त्याचीही अवस्था काही अंशी अमात्य राक्षसासारखीच होते. पण हा जुळलेला धागा आपण आज पाहतो आहोत. शब्दाचा उगम म्हणजे तो नव्हे.

मराठीने या नाटकापासून घेतले ते फक्त नाव. अर्थ आला तो इंग्रजी छापखान्यांतून. तेथे ‘प्रिंटर्स डेव्हिल’ असा शब्दप्रयोग सतराव्या शतकापासून रूढ होता. मुद्रण म्हणजे छपाई आणि डेव्हिल म्हणजे राक्षस, असे दोन्ही तुकडे समोर असताना आणि संस्कृत शिकलेल्या कोणाच्याही ओठांवर ‘मुद्राराक्षस’ हा तयार सामासिक शब्द असताना, मराठी मुद्रकांना वेगळा प्रतिशब्द घडवण्याची गरजच पडली नाही. परक्या शब्दासाठी घरातला जुना शब्द इतका नेमका सापडणे भाषेच्या भाग्यात क्वचितच असते, आणि ज्यांना तो सुचला त्यांच्या कानाचे मला अजूनही कौतुक वाटते.

मात्र इंग्रजीत ‘प्रिंटर्स डेव्हिल’ म्हणजे छापील चूक नव्हे. तो छापखान्यातला उमेदवार पोऱ्या. लंडनचा मुद्रक जोसेफ मॉक्सन याने १६८३-८४ मध्ये छपाईच्या कारागिरीवर जो तपशीलवार ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्याने या पोऱ्यांविषयी स्पष्ट लिहून ठेवले आहे. छापलेला एकेक कागद यंत्रावरून उचलून घेणारी ही मुले शाईने स्वतःला इतकी काळी करून घेत, की कारागीर त्यांना थट्टेने सैतान म्हणत. तेव्हाची शाई काजळी आणि उकळलेल्या जवसाच्या तेलाची असे, ती चामड्याच्या बोंड्यांनी अक्षरांच्या धातूच्या खिळ्यांवर थापली जाई, आणि ती घोटणे, बोंडे स्वच्छ ठेवणे, पाणी भरणे, मोडके खिळे वेचणे ही सगळी कामे याच मुलांकडे असत. मोडके, झिजलेले खिळे वितळवण्यासाठी ज्या पेटीत टाकत, तिला इंग्रजीत नरकपेटी अशा अर्थाचे नाव होते. त्यामुळे नरक आणि त्याचा रखवालदार अशी जोडी सहज जुळली. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन बाराव्या वर्षी आपल्या भावाच्या छापखान्यात अशाच उमेदवारीवर लागले होते. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी कोणतीही अदृश्य शक्ती नाही, तर हातापायांना आणि तोंडाला काळे लागलेला एक हाडामासाचा मुलगा आहे.

मग मुलाची चूक कशी झाली? याचे उत्तर मला ग्रंथांपेक्षा खिळ्यांच्या केसपाशी अधिक नीट सापडले. ज्यांनी हाताने खिळ्यांची जुळणी होताना पाहिलेली नाही अशा वाचकांसाठी थोडे सांगतो. शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचा एकेक खिळा, त्याच्या डोक्यावर उलटे अक्षर, आणि अशा शेकडो प्रकारच्या खिळ्यांसाठी लाकडी केसमध्ये शेकडो खण. इंग्रजीची सगळी केस एका जुळाऱ्याच्या हाताच्या टप्प्यात येते. मराठीला मात्र जोडाक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या, उकार आणि रफार यांच्यामुळे समोर आणि दोन्ही बाजूंना केस मांडाव्या लागत. पान छापून झाले की फर्मा, म्हणजे बांधलेली खिळ्यांची चौकट, रॉकेलने धुऊन खिळे सोडवत, म्हणजे एकेक ओळ डाव्या हातात धरून तिच्यातले खिळे उजव्या हाताने पुन्हा आपापल्या खणात टाकत. हे काम बहुधा नव्या पोऱ्याला देत, कारण त्यातूनच त्याला केस पाठ होई. ध आणि घ, भ आणि म, ब आणि व ही अक्षरे धातूत आणि उलटी पाहिली, म्हणजे शिकाऊ डोळ्याला ती एकच वाटतात. त्याने मचा खिळा भच्या खणात टाकला, तर त्या क्षणी काहीच बिघडत नाही. ती चूक खणात निजून राहते. दोन दिवसांनी अनुभवी जुळारी न पाहता, केवळ बोटांच्या सवयीने त्या खणात हात घालतो आणि कोणाच्या तरी ‘भाऊ’चा ‘माऊ’ होतो. जुळारी म्हणतो, मी खण बरोबर धरला होता. मुद्रितशोधक म्हणतो, माझ्यापर्यंत मुद्रित (तपासायचे प्रूफ) उशिरा आले. आणि शेवटी बोट वळते ते त्या पोऱ्याकडे. अशा रीतीने ज्याचे नाव ते, त्याच्याच माथी चूक आली आणि हळूहळू नाव चुकीलाच चिकटले, असे माझे मत आहे.

चुकांची जबाबदारी पूर्वी कशी पाहिली जाई, हेही येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. मध्ययुगीन युरोपात टिटिव्हिलस नावाच्या एका सैतानाची कल्पना होती. पण तो चुका करीत नसे. प्रार्थना म्हणताना मठवासी जी अक्षरे गाळत किंवा गिळत, ती तो पोतडीत गोळा करी, म्हणजे अखेरच्या न्यायाच्या दिवशी त्यांचा हिशेब मांडता यावा. आपल्याकडच्या चित्रगुप्ताला जवळचे असे त्याचे काम. चूक माणसाची आणि नोंद सैतानाची, असा तो व्यवहार होता. पुढे १६३१ मध्ये लंडनला छापलेल्या बायबलच्या एका आवृत्तीत दहा आज्ञांपैकी ‘व्यभिचार करू नकोस’ या आज्ञेतला नकारच गळला, तेव्हा राजाने रॉबर्ट बार्कर आणि मार्टिन लुकस या मुद्रकांना तीनशे पौंड दंड केला. त्यांच्या छापखान्यातही शाईने माखलेली मुले असणारच, पण दंड झाला तो ज्यांचे नाव मुखपृष्ठावर होते त्यांना.

आणि आपल्या गोव्याला तर या विषयाशी फार जुने नाते आहे. भारतातील पहिला छापखाना येथेच आला. १५५६ च्या सप्टेंबरमध्ये लिस्बनहून आलेले ते यंत्र खरे तर अॅबिसिनियाला (आजच्या इथिओपियाला) जायचे होते. तिकडची परिस्थिती अनुकूल नसल्यामुळे ते जुन्या गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयात राहिले आणि त्याच वर्षी त्यावर छपाई सुरू झाली. याच शहरात १५६३ मध्ये गार्सिया द ऑर्टा या वैद्याचा भारतीय औषधी द्रव्यांवरील संवादरूप ग्रंथ छापला गेला. पणजीच्या ज्या उद्यानात आपण संध्याकाळी बसतो, त्याला याच ऑर्टाचे नाव आहे. ग्रंथ मोलाचा, पण छपाईच्या चुकांनी इतका भरलेला, की शेवटी लांबलचक शुद्धिपत्र जोडावे लागले. साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी, मायदेशापासून समुद्रमार्गाने सहा महिन्यांच्या अंतरावर, हाताशी मोजकेच खिळे आणि मोजकीच माणसे असताना, त्या मंडळींनी चुका एकेक करून वेचल्या आणि ग्रंथाच्या अंगावरच छापल्या. शुद्धिपत्र म्हणजे काय, हे या भूमीला तेव्हापासून ठाऊक आहे. पुढे फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळेच उपलब्ध नव्हते. मराठी ओवी परक्या अक्षरांत बसवताना त्या जुळाऱ्यांची काय कसरत झाली असेल, याचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. प्रियोळचे अनंत काकबा प्रियोळकर यांनी या सगळ्या इतिहासाचा जन्मभर शोध घेतला. त्यांचे ऋण मुद्रणाच्या क्षेत्रातील प्रत्येकाने मानले पाहिजे.

आता मी हे पत्र का लिहायला घेतले ते सांगतो. सत्तरच्या दशकात मी ज्या छापखान्यात होतो, तेथे एक वृत्तपत्र निघत असे. एका संध्याकाळी श्रद्धांजलीची जाहिरात आली. आदल्या आठवड्यातील अशाच एका जाहिरातीची चौकट उभी ठेवलेली होती. जुळाऱ्याने वेळ वाचवण्यासाठी तीतली नावे उपसून नवी नावे भरली. एका जागचा ‘कै.’ तसाच राहिला आणि तो नेमका शोकाकुल कुटुंबीयांच्या यादीत, मृताच्या धाकट्या भावाच्या नावाआधी उभा राहिला. मुद्रित माझ्याकडे आले. मी नावे मूळ कागदाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिली, आडनावातली वेलांटीही दुरुस्त केली. ‘कै.’ मात्र मला दिसला नाही. श्रद्धांजलीच्या मजकुरात ते अक्षर असणारच, असे डोळ्याने आधीच गृहीत धरले होते आणि गृहीत धरलेली गोष्ट डोळा वाचत नाही. मी कोपऱ्यात सही करून मुद्रित परत पाठवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने ते गृहस्थ स्वतः आले. साठीच्या पुढचे, पांढरे धोतर, हातात घडी घातलेला अंक. त्यांनी आवाज चढवला नाही. अंक उघडून त्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाले, “हांव जिवो आसां.” आमचे फोरमन चांगले मनुष्य होते, त्यांनी हात जोडले, पाणी मागवले आणि सवयीने म्हणाले, “काय करणार भाऊ, मुद्राराक्षसाची करणी.” त्या गृहस्थांनी हा शब्द कधी ऐकलेला नसावा. तो कोणातरी कामगाराचे नाव असावे असे समजून त्यांनी विचारले, “तो कोण? खंय आसा तो?” आणि त्यांची नजर खोलीभर फिरून यंत्रापाशी उभ्या असलेल्या आमच्या पंधरा वर्षांच्या पोऱ्यावर थांबली, कारण त्या खोलीत कोपरापर्यंत काळे हात फक्त त्याचे होते. मुलाने मान खाली घातली. त्या चौकटीला त्याने हातदेखील लावला नव्हता. मी चार पावलांवर माझ्या टेबलाशी होतो, माझी सही असलेले मुद्रित भिंतीतल्या खिळ्याला अडकवलेले होते, आणि मी बोललो नाही. फोरमननी दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापण्याचे कबूल केले, गृहस्थ गेले, कामे पुन्हा सुरू झाली. मॉक्सनने लिहिलेला तो मजकूर पुष्कळ वर्षांनी माझ्या वाचनात आला, तेव्हा मला पहिल्याने तो मुलगा आठवला.

कोणी म्हणेल, की मराठीत चुकीला एवढे मोकळे नाव असणे वाईट का? वाईट मुळीच नाही. आपली भाषा अक्षराच्या बाबतीत फार जागरूक आहे. एका बिंदूने ‘चिते’ची ‘चिंता’ होते, चिता निर्जीवाला जाळते आणि चिंता सजीवाला, हे सुभाषित आपण शाळेतच पाठ करतो. ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार तर १७७३ मधील नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या आख्यायिकेतून आला. ‘धरावे’ असलेल्या आज्ञेत ‘मारावे’ असा बदल झाल्याचे ती आख्यायिका सांगते. म्हणजे अक्षर जाणूनबुजून बदलले तर त्यासाठी एक शब्दप्रयोग आणि नकळत बदलले तर दुसरा, असा स्पष्ट भेद मराठीने केला आहे. मुद्राराक्षस हा त्या दुसऱ्या, निर्हेतुक चुकीचा शब्द आहे आणि त्या अर्थाने त्याची जागा पक्की आहे. लेखकाने स्नेह्याला लिहिताना, संपादकाने जुन्या आठवणी सांगताना तो जरूर वापरावा. माझा आक्षेप आहे तो दुरुस्तीच्या चौकटीत त्याला साक्षीदार म्हणून उभे करण्याला.

कारण आता तर त्याच्यासाठी छापखान्यात जागाही उरलेली नाही. खिळे गेले, केस गेल्या, पोऱ्या गेला. आजच्या चुका वेगळ्या वाटेने येतात. एका जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना ऱ्हस्व-दीर्घ हलतात, जोडाक्षरे फुटतात. रफार आणि अर्धा र यांची गल्लत होऊन ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एकच होऊन बसतात, आणि ज्या प्रदेशात लोक रोज दर्यावर जातात, तेथे खवळलेल्या दर्याच्या जागी डोंगरातल्या दऱ्या छापून येणे ही साधी गोष्ट नाही. ‘आचार्यांचा सत्कार’ हा ‘आचाऱ्यांचा सत्कार’ झालेला मी स्वतः वाचला आहे. गेल्या वर्षीची बातमी उघडून तीत यंदाची तारीख भरण्याची पद्धत तर उभ्या ठेवलेल्या त्या चौकटीची सख्खी बहीण आहे. आपल्या पालखीच्या बातमीतील चूकही अशीच झाली असावी, असा माझा तर्क आहे. या प्रत्येक जागी कोणीतरी बसलेले असते, आणि बहुतेक वेळा ज्याने मुद्रित वाचायला हवे होते असा मनुष्य तेथे नसतो, कारण मुद्रितशोधकाची खुर्ची अनेक वृत्तपत्रांनी काढून टाकली आहे. उपसंपादकानेच बातमी लिहावी, मथळा द्यावा, पान लावावे आणि तपासावेही, अशी अपेक्षा असते. स्वतः लिहिलेल्या मजकुरातली चूक स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाही, हे सांगायला अठ्ठावीस वर्षांचा अनुभव लागत नाही.

म्हणून आपणास माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली, चूक ज्या पानावर झाली त्याच पानावर आणि वाचकाच्या नजरेत भरेल अशा टाइपात दुरुस्ती द्यावी; पहिल्या पानावरची चूक सातव्या पानावर दुरुस्त होऊ नये. दुसरी, दुरुस्तीचा मजकूर साधा असावा: अमुक तारखेच्या अंकात अमुक पानावर असे छापले गेले, ते असे वाचावे, ही चूक आमच्याकडून झाली. शक्य असल्यास ती कशी झाली हेही एका वाक्यात सांगावे. पालखीच्या त्या बातमीबाबत अशी दुरुस्ती अजूनही देता येईल. आमच्या शेजाऱ्यांकडे आलेले ते कुळावी येत्या रविवारपर्यंत येथेच आहेत आणि आपला अंक त्यांच्या घरी रोज सकाळी येतो.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त मुद्रितशोधक
म्हार्दोळ, फोंडा, गोवा